पाण्याला पालिकेची हद्द कळत नाही : मुंबई प्रदेशाचं पर्यावरणपूरक नियोजन आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगररचनेच्या कामातून निवृत्त झालो, तेव्हापासून महिन्यातले एक-दोन रविवार मी नकाशांची गुंडाळी काखेत घेऊन कुठे ना कुठे जातो. कधी मुलुंडच्या सोसायटीचं सभागृह, कधी डोंबिवलीचं वाचनालय, कधी वसईतली एखादी वाडी. लोक आस्थेने विचारतात आणि प्रश्न पुष्कळदा तेच असतात. ते इथे उतरवून काढले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण प्रश्नही सारखे नाहीत.

प्रादेशिक योजना म्हणजे नेमकं काय? पालिकेचा विकास आराखडा आहेच की.

विकास आराखडा तुमच्या पालिकेच्या हद्दीपुरता असतो. कुठल्या भूखंडावर शाळा, कुठे मैदान, कोणता रस्ता किती रुंद, हे त्यात ठरतं. प्रादेशिक योजना त्याच्या वरची. शहर कोणत्या दिशेला वाढू द्यायचं, शेती आणि जंगल कुठे राखायचं, रेल्वे आणि महामार्ग कुठून न्यायचे, कारखाने कुठे, धरणांचा परिसर कुठे, हे ती सांगते. दोन्हींचा आधार एकच कायदा आहे: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६.

मुंबई महानगर प्रदेशाची पहिली योजना १९७३ मध्ये मंजूर झाली, दुसरी १९९९ मध्ये आणि तिसरी, म्हणजे २०१६ ते २०३६ या काळासाठीची, २०२१ मध्ये. या प्रदेशात आज नऊ महानगरपालिका आहेत: बृहन्मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मिरा-भाईंदर, वसई-विरार, भिवंडी-निजामपूर, उल्हासनगर आणि पनवेल. शिवाय नगरपरिषदा आणि शेकडो गावं. एवढ्या मोठ्या भूभागावर पाऊस पडतो तेव्हा तो नऊ भाग करून पडत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्या एका गोष्टीभोवती फिरतं.

मी दादरला राहते. शहापूर, वाडा, कर्जतच्या नियोजनाशी माझा काय संबंध?

सकाळी नळ सोडता, तेव्हा त्यातून येणारं बहुतेक पाणी शहापूर आणि आसपासच्या तालुक्यांतलं असतं. मुंबईला सात जलाशयांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातले तुळशी आणि विहार एवढेच शहराच्या हद्दीत आहेत. विहारचं काम १८६० मध्ये पुरं झालं. मुंबईची तहान भागवायला तेव्हा तो एक तलाव पुरेल असं वाटलं होतं. पुढे तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा अशी धरणं उत्तरेकडे सरकत गेली आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा आलं. एकट्या भातसातून शहराचं जवळजवळ निम्मं पाणी येतं. यातलं बरंचसं उताराच्या जोरावर, पंपाशिवाय येतं. ही जुन्या अभियंत्यांची फार मोठी देणगी आहे.

आता याची दुसरी बाजू. ज्या शहापूर तालुक्यात यातली बरीच धरणं आहेत, तिथल्या कित्येक गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. धरणाच्या भिंतीवरून दिसणाऱ्या पाड्यातली बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढते आणि त्याच धरणाचं पाणी शंभर किलोमीटरवर आपल्या बाल्कनीतल्या कुंड्यांना जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि मला ते कधी पचलेलं नाही.

धरणाभोवतीचं जंगल टिकलं तर गाळ कमी येतो आणि पाणी सावकाश झिरपत जलाशयात उतरतं. तिथे फार्महाऊसचे भूखंड पडले की हे चक्र बिघडतं. ते भूखंड पडू द्यायचे की नाही, हे मुंबई महापालिकेच्या आराखड्यात ठरत नाही, त्या भागाच्या प्रादेशिक योजनेत ठरतं. दादरकरांनी ती वाचायची ती एवढ्यासाठी.

मग आणखी धरणं बांधणं हाच उपाय ना?

गारगाई आणि पिंजाळ या धरणांची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. गारगाईत जंगल बुडणार आणि गावं उठणार. माझं मत स्पष्ट आहे: आधी आपलं वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणा, मग धरणाचं बोला. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथे सांडपाणी शुद्धीकरणाची सात केंद्रं उभी राहत आहेत. त्यांची मिळून क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर आहे. त्यातलं पाणी बागांना, बांधकामांना, कारखान्यांना, रेल्वेचे डबे धुवायला नेलं तर तेवढं पिण्याचं पाणी वाचेल. पण त्यासाठी शुद्ध झालेल्या पाण्याच्या वेगळ्या वाहिन्या आत्ताच आराखड्यात आखायला हव्यात. रस्ता काँक्रीटचा झाल्यावर तो पुन्हा कोण फोडणार?

२६ जुलैनंतर एवढा खर्च झाला, तरी हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे का तुंबतात?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि यायलाच हवा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस कुठलंही शहर सहज पेलणार नाही, हे मान्य. पण तुंबायला तेवढा पाऊस लागतच नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या. त्या हिशेबात आणखी एक गोष्ट धरलेली होती, ती मात्र फारसं कोणी सांगत नाही: पडलेल्या पावसापैकी निम्मं पाणी जमिनीत मुरेल. वाड्या, मैदानं, मातीची अंगणं, चाळींमागच्या मोकळ्या जागा होत्या, म्हणून हा अंदाज तेव्हा बरोबर होता. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायला सांगितलं आणि पाणी मुरण्याचा हिशेब मात्र काढून टाकला. सगळंच्या सगळं पाणी नाल्यात येणार, असं धरून चाला म्हणाले. मधल्या काळात शहराने आपली माती गमावली, याचा इतका थेट पुरावा मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

त्यात भरती. शहराचं पाणी खाडीत आणि समुद्रात सोडणारी १८६ पातमुखं आहेत आणि त्यातली बरीच खालच्या पातळीवर आहेत. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाणी बाहेर जायचं सोडून उलटं आत येतं. म्हणून हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंप बसवले. हिंदमातासाठी प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या. त्यांचा उपयोग होतो. पण पाणी कुठे साठवायचं हा प्रश्न आपण मैदानाखाली टाकी खणून सोडवतो, आणि शेजारच्या भूखंडावर तीन मजली तळघर बांधून तोच प्रश्न नव्याने तयार करतो.

एक हिशेब घरी करून पाहा. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर जमीन. तिच्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं ५ लाख लिटर. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. तिथे माती असेल तर त्यातले काही टँकर तिथेच जिरतील. तिथे पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट असेल तर पन्नासच्या पन्नास टँकर त्याच तासात तुमच्या नाक्यावर येतील.

मिठी नदी रुंद केली, खोल केली. अजून काय करायचं राहिलं?

मिठी जवळजवळ १८ किलोमीटर लांब आहे. विहार आणि पवईचं सांडव्याचं पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळाजवळ तिला काटकोनात वळवलेलं आहे आणि धावपट्टी तिच्यावरून गेलेली आहे. पुढे ज्या पाणथळीत ती पसरायची, तिथे वांद्रे-कुर्ला संकुल आहे. नदीला दोन्ही बाजूंनी भिंती घातल्या की पाणी वेगाने पुढे जातं आणि पुढच्याच्या दारात उभं राहतं. नदीला पसरायला जागा लागते.

मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या चारही नद्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगांत आणि त्यांच्या पायथ्याशी उगम पावतात. म्हणजे मिठीचं काम पवईपासून नव्हे, डोंगरापासून सुरू करायला हवं. डोंगर आणि आरेचं जंगल पाणी धरून ठेवणार असतील, तर खाली भिंती कमी उंचीच्या लागतील.

नवी मुंबई तर समुद्राच्या पातळीला आहे. ती कमी का तुंबते?

माझ्या आवडीचा प्रश्न. थोडं सविस्तर सांगतो.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. हे शहर उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. वाशी, बेलापूरच्या पट्ट्यातली बरीच जमीन खाजणाची, भरतीच्या पातळीखालची. सगळी जमीन भराव टाकून उंच करायची तर शेजारचे डोंगर संपवावे लागले असते. म्हणून धारण तलावांची पद्धत घेतली. वसाहतीतलं पावसाचं पाणी आधी या उथळ, रुंद तलावात येतं. भरती आली की तलावाच्या तोंडाची झडप बंद होते आणि खाडीचं पाणी आत शिरत नाही. ओहोटी लागली की झडप उघडते आणि साठलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. विजेचं बिल नाही, पंप बंद पडायची भीती नाही. आगरी शेतकरी खाजणात बांध घालून आणि बांधांत उघडी, म्हणजे पाणी सोडायची दारं, ठेवून भात पिकवत आले, त्या शहाणपणाचंच हे मोठं रूप आहे.

आता अडचण. या तलावांत वर्षानुवर्षं गाळ साठला आणि गाळात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवली. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून गाळ काढता येईना. गाळ निघेना म्हणून साठवण कमी झाली. पर्यावरणाच्या दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या. माझं मत असं आहे की तलाव हा पूर थांबवणारा अवयव आहे आणि त्याची साठवण आधी राखली पाहिजे. पण त्या बदल्यात खाडीकिनारी कुठे, किती तिवरं लावली आणि तीन वर्षांनी त्यातली किती जगली, हे लोकांसमोर ठेवायलाच हवं. आणि देखभाल पहिल्या वर्षापासून झाली असती तर ही वेळच आली नसती, हेही तितकंच खरं.

मिठागरं ओसाड पडली आहेत. तिथे गरिबांसाठी घरं बांधली तर काय बिघडतं?

घरं हवीतच. पण मिठागर ओसाड नसतं. कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरं म्हणजे बांध घातलेली उथळ ताटं. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, तेव्हा ही ताटं पावसाचं आणि भरतीचं पाणी धरून ठेवतात. ती भराव टाकून बुजवली की तेच पाणी पूर्व उपनगरांत शिरणार.

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंडमधली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीतल्या पुनर्वसनाच्या घरांसाठी घेण्याचं ठरवलं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि त्याचं पहिलं कारण फ्लेमिंगो नाहीत. तिथे जाणारं कुटुंब धारावीत आपल्या कामाच्या जागेपासून चालत दहा मिनिटांवर राहतं. त्याला शहराच्या काठावर, सखल जमिनीवर नेऊन ठेवायचं आणि वर पुराचा धोकाही त्याच्याच वाट्याला द्यायचा, याला पुनर्वसन म्हणता येणार नाही.

नदी-नाल्याकाठच्या झोपड्या हटवल्या की काम होईल, असं आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात.

माहुल आठवा. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तेल शुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलला पाठवलं. तिथल्या हवेने लोक आजारी पडू लागले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने कुटुंबांना दुसरी जागा, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. जलवाहिनी मोकळी झाली आणि माणसं विषारी हवेत गेली. नदीकाठ मोकळा करायचा असेल तर कामाच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत घर, हे आधी ठरलं पाहिजे. शिवाय नदीच्या पात्रात झोपड्यांपेक्षा कितीतरी मोठी अतिक्रमणं आहेत. त्यांना संरक्षक भिंती आहेत आणि गेटवर सुरक्षारक्षक आहेत, इतकाच फरक.

उंच इमारती पर्यावरणाला वाईट असतात का?

नाही. स्टेशनपासून चालण्याच्या अंतरात दाट वस्ती असणं चांगलंच आहे. लोकलमधून रोज सुमारे ७५ लाख प्रवास होतात. जगात फार थोड्या शहरांची एवढी मोठी वाहतूक रुळांवर चालते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेव्हापासून हा प्रदेश रुळांच्या कडेने वाढला, आणि ही आपली ताकद आहे.

बिघडतं ते उंचीमुळे नव्हे, इमारतीच्या पायाशी जे होतं त्यामुळे. पूर्ण भूखंडाखाली तळघर, त्यावर गाड्यांचे चार-पाच मजले, त्यावर पोडियम, म्हणजे मोठी सामाईक गच्ची, आणि पोडियमवर हिरवळ. कागदावर ती बाग दिसते. पण तिच्यात फूट-दोन फूट माती, तिच्यात वड-पिंपळ काय, आंबाही धड वाढत नाही. आणि पावसाचा एक थेंबही खालच्या जमिनीपर्यंत पोचत नाही. चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर एकूण बांधकाम, किती द्यायचं यावर आपण रात्ररात्र भांडतो. खरी मातीची जमीन किती सोडायची, यावर कोणी हरकत घेतलेली मी क्वचितच पाहिली.

आणि स्टेशनच्या दारात घर देताना प्रत्येक फ्लॅटला दोन गाड्यांची जागा कशाला?

वसईच्या बावखलांबद्दल तुम्ही नेहमी बोलता. त्यात एवढं काय?

वसईच्या वाड्यांमध्ये घराशेजारी खोदलेलं छोटं तळं म्हणजे बावखल. पावसाळ्यात ते भरतं, हळूहळू जमिनीत जिरतं, विहिरीला पाणी राहतं, केळी-फुलांच्या बागा जगतात आणि समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकत नाही. कुठल्याही सल्लागार कंपनीचा अहवाल न वाचता लोकांनी पिढ्यान् पिढ्या चालवलेली ही व्यवस्था. वसईचा हरित पट्टा वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभं केलं आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे नेते होते. ते गेले, पण प्रश्न तोच आहे.

एका वाडीत आजोबांनी मला त्यांच्या बावखलाची जागा दाखवली. मुलांनी ती भरून तिथे गाडी लावायची सोय केली होती. «पोरांचं चुकलं असं मी म्हणत नाही,» ते म्हणाले, «पण विहीर मार्चमध्येच तळाला जाते आता.» त्या दिवसापासून मी प्रत्येक बैठकीत हे सांगतो. विकास आराखड्याच्या नकाशावर बावखल दाखवलेलं नसेल तर कायद्याच्या लेखी ते तळं नाही, फक्त रिकामा भूखंड आहे. आपल्या गावातली तळी, विहिरी, ओहोळ नकाशावर आहेत का, हे पाहणं हे पहिलं काम.

बदलापूरला स्वस्तात फ्लॅट मिळतोय. पुराचं काय बघू?

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटीने सोडवावं लागलं. गाडी रुळांवर होती, म्हणजे उंचावर होती. बाजूच्या सखल भूखंडांचं काय झालं असेल, याची कल्पना करा.

पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा भाग बांधकामाला निषिद्ध. निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर परवानगी. बिल्डरचं माहितीपत्रक न बघता भूखंडाचा सर्व्हे नंबर घ्या आणि पालिकेच्या नगररचना विभागात विचारा. आणि एक साधी गोष्ट: शेजारच्या जुन्या गावठाणात जाऊन एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पाणी कुठवर आलं होतं. गावठाणं बहुतेक उंचावरच असतात. जुन्या लोकांनी ती तिथे उगीच वसवलेली नाहीत.

आरे आणि राष्ट्रीय उद्यान वाचलं की मुंबईचं जंगल सुरक्षित, बरोबर?

अर्धं बरोबर. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. २०२० मध्ये आरेची ८०० एकरांवर जमीन राखीव वन करण्याचं ठरलं, हे लोकांच्या रेट्याने झालं. पण जंगल एकटं पडलं की झिजतं. उद्यानाचा नागला भाग वसईच्या खाडीपलीकडे आहे आणि तिथून पुढे तुंगारेश्वर. बिबट्याला ही सलगता लागते. घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना जे उभं राहतंय, त्याने ती तुटत चालली आहे. आणि आरेतल्या पाड्यांना जंगलातलं अतिक्रमण म्हणणं थांबवा. वारली कुटुंबं तिथे आरेची दूध वसाहत होण्याआधीपासून आहेत.

तिवरं तोडायला बंदी आहे ना? मग ती कमी कशी होतात?

तोडून नव्हे, गुदमरवून. रात्री राडारोड्याचे डंपर येतात, भराव पडतो, भरतीचं पाणी पोचायचं बंद होतं आणि दोनेक वर्षांत झाडं उभी वाळतात. मग जागा «मोकळी» होते. २०१८ च्या निकालात उच्च न्यायालयाने तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला आहे. डंपर दिसला की फोटो, वेळ आणि जागा लिहून कांदळवन कक्षाकडे आणि तहसीलदारांकडे तक्रार करा. झाडं वाळल्यावर केलेल्या तक्रारीचा काही उपयोग होत नाही.

उकाडा असह्य झालाय. यात नियोजनाने काय होणार?

पुष्कळ. काचेच्या भिंती, काँक्रीटचे रस्ते, झाडाच्या बुंध्यापर्यंत घातलेले पेव्हर ब्लॉक, हे सगळं रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं. जुन्या चाळींना गॅलरी होती, उंच छप्पर होतं, आरपार वारा होता. पुनर्विकासात तीच माणसं एका बाजूला खिडकी असलेल्या खोल्यांत जातात आणि एसी घेतात. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला. त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे आणि शहराच्या उत्सर्जनात सर्वात मोठा वाटा ऊर्जेच्या वापराचा आहे, असं त्यात दिसतं. म्हणजे खिडकी कुठे ठेवली, हाही हवामानाचाच प्रश्न झाला.

कचऱ्याचं?

देवनारला १९२७ पासून कचरा जातोय. ओला कचरा सोसायटीतच जिरवा. दुसऱ्याच्या गावात नवीन डंपिंग ग्राउंड शोधणं हे नियोजन नव्हे.

एवढ्या संस्था आहेत. जबाबदार कोण?

महानगर प्रदेशाची एमएमआरडीए, सिडको, रस्त्यांची एमएसआरडीसी, कारखान्यांच्या वसाहतींची एमआयडीसी, झोपडपट्टी पुनर्वसनाची एसआरए, रेल्वे, बंदर प्राधिकरण आणि नऊ पालिका. प्रत्येकाचा वेगळा नकाशा. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने यावर महानगर नियोजन समितीचा मार्ग दिला आहे आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींनी निवडायचे आहेत. ही समिती खऱ्या अर्थाने कामाला लागली तर कर्जतचा सरपंच आणि दादरचा नगरसेवक एका टेबलावर बसतील. तुमच्या उमेदवाराला या समितीबद्दल विचारा. बहुतेकांनी नाव ऐकलेलं नसतं.

सामान्य माणसाच्या हरकतीने काही बदलतं का?

बदलतं. २०१५ चा मुंबईचा विकास आराखड्याचा मसुदा चुकांनी भरलेला होता. लोकांनी आपापल्या गल्लीतल्या चुका दाखवल्या आणि तो मागे घेऊन नव्याने करावा लागला. सुधारलेला आराखडा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला.

दुसरं उदाहरण वरळीचं. कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमधलं ६० मीटर अंतर वादळात बोटींना पुरणार नाही, असं कोळी बांधव सांगत होते. त्यांनी अनेक महिने काम रोखून धरलं आणि शेवटी अंतर १२० मीटर झालं. समुद्र रोज वापरणाऱ्यांना तो नकाशावर काम करणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होता.

हरकत मराठीत लिहिली तरी चालते. सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर (शहरातल्या जमिनीचा नगर भूमापन क्रमांक), नकाशाचा शीट नंबर, काय चुकलं आणि त्याऐवजी काय हवं, हे चार मुद्दे पुरेत. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स देण्यापेक्षा दहा वेगवेगळ्या, नेमक्या हरकती भारी पडतात. सुनावणीला जा. पोच घ्या. एका कार्यालयात मला «नकाशा बघायला मिळणार नाही» असं सांगितलं होतं. मी अर्ज लिहून पोच मागितली, तशी दहा मिनिटांत नकाशा टेबलावर आला.

मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुरुवात कुठून करू?

तुझ्या इमारतीच्या पन्हाळीपासून. गच्चीवरचं पाणी कुठल्या पाइपने खाली येतं ते बघ, मग कुठल्या गटारात, मग कुठल्या नाल्यात. पुढच्या रविवारी त्या नाल्याच्या कडेने चालत जा. जिथे वाट बंद होईल तिथे वळसा घे, पण नाला सोडू नकोस. कुठे तो झाकलेला आहे, कुठे अरुंद झालाय, कुठे त्याच्यावर कोणाची भिंत आहे, ते वहीत मांड. पातमुखापर्यंत पोचलीस की भरतीची वेळ बघून थांब. पाणी कोणत्या दिशेला वाहतंय, ते लिहून ठेव. मग ती वही घेऊन ये, मी विकास आराखड्याची शीट आणतो. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघू.